पसंतीला आणलेल्या दोन जोड्या

रविवार, ११ फेब्रुवारी १९७३. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. नगरच्या सावेडी भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीच्या मधोमध दोरी बांधून मी तिच्यावर एक पातळ सुती चादर टाकली होती. चादरीच्या अलीकडे सतरंजीवर माझे वडील, आई आणि आत्या बसले होते. पलीकडे मी, एक रेकॉर्ड प्लेअर, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि भिंतीतल्या फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या स्पीकरच्या दोन जोड्या. वेळ मी विचार करून ठरवली होती. शेजारची पिठाची गिरणी रविवारी बंद असे, त्यामुळे आवाजही नसे आणि विजेचा दाबही स्थिर राही. इतर दिवशी तो इतका खालीवर होई की तबकडीवरच्या गवयाचा सूर आपोआप उतरे.

रेकॉर्ड प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर घरात आले ते भिंगारच्या छावणीतून. तिथल्या एखाद्या अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्या घरचे सामान विकायला निघते आणि निम्मे नगर ते पाहायला जाते. वडील एक खुर्ची आणायला म्हणून गेले आणि खुर्ची न आणता ही दोन यंत्रे टांग्यात घालून घेऊन आले. अधिकाऱ्याने स्पीकर तेवढे स्वतःजवळ ठेवले होते. वडील आईला म्हणाले की शरीर सगळे मिळाले आहे, फक्त तोंड राहिले. आईने विचारले की मग बोलणार कसे, आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. सुप्याजवळच्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. पुढे नगरला सरकारी कचेरीत कारकून झाले, परंतु लहानपणी भजनी मंडळात बसून तयार झालेला कान त्यांनी कधी गमावला नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडावरची कणीक वाळली आहे हे वाजवणाऱ्याच्या आधी त्यांना कळते. मडके विकत घेताना ते बोटाने एकदाच वाजवतात आणि खाली ठेवतात किंवा पैसे देतात. दुसऱ्यांदा वाजवताना मी त्यांना पाहिलेले नाही. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि इथल्याच महाविद्यालयात प्रयोगशाळेत शिकवू लागले. तिथे व्होल्टमीटर होते, ऑसिलेटर होता. तरीही माझ्या माहितीतले सर्वांत भरवशाचे उपकरण म्हणजे दादांचे कान होते, आणि हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत असे.

खर्चाची मर्यादा दोनशे रुपये. ते दुष्काळाचे साल होते. गावाकडची विहीर आटल्याने आत्या आमच्याकडे राहायला आली होती, घरात एक तोंड वाढले होते, आणि अशा वर्षी गाण्यासाठी याहून अधिक खर्च करणे दादांनाच पटत नव्हते. फळीवर मावतील असे कारखान्यात बनलेले छोटे स्पीकर कापड बाजारातल्या एका रेडिओच्या दुकानात होते. जोडीची किंमत साडेतीनशे. त्याच दुकानात नुसते सहा इंची शंकू, म्हणजे स्पीकरचा आवाज काढणारा कागदी भाग, सुटे मिळत. मी ठरवले की दोन शंकू घ्यायचे, पेटी स्वतः आखायची आणि सुताराकडून करून घ्यायची. ही जोडी कारखान्याच्या जोडीइतकी चांगली निघाली तर प्रश्न मिटला. न निघाली तर दादा हप्त्याने कारखान्याची जोडी घेतील किंवा पुढच्या वर्षापर्यंत थांबतील.

दुकानदार मूळचा साड्यांच्या व्यापाऱ्यांतला. कापड बाजारात माहितीच्या घरी साड्यांचा गठ्ठा पसंतीला पाठवतात. चार दिवस घरात ठेवा, बायकांना दाखवा, एक ठेवून घ्या, बाकीच्या घडी न मोडता परत करा. त्याने हा नियम पंख्यांना आणि रेडिओलाही लावला होता. स्पीकर पसंतीला नेण्याबद्दल मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “न्या की ताई. फक्त नेसून बघू नका.”

माझ्या पेट्या इमारती प्लायवूडच्या होत्या. त्या वर्षी औतफाट्याचे काम नसल्याने सुताराला वेळच वेळ होता. त्याने सांधे इतके घट्ट केले की त्यांतून कागद जाईना. पेटीचे घनफळ मी शंकूच्या स्वाभाविक कंपनसंख्येवरून काढले होते. भिंतींवरून परतणारा आवाज मोजमापात मिसळू नये म्हणून महाविद्यालयाच्या गच्चीवर पहाटे बांबूला ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन, बांधून दोन्ही जोड्यांचे आलेख काढले. माझ्या जोडीचा आलेख मानवी आवाजाच्या पट्ट्यात जवळजवळ सपाट होता, म्हणजे कोणताही सूर फुगत किंवा दबत नव्हता. कारखान्याच्या जोडीला मध्येच एक खळगा होता. कागदावर मी जिंकले होते. परंतु कागदावर कोणी गाणे ऐकत नाही, हेही मला कळत होते. म्हणून चादर.

यामागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती घरात सर्वांना ठाऊक होती. आमच्या विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमाला मार्चमध्ये पुण्याहून ध्वनिशास्त्राचे एक प्राध्यापक येणार होते. त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधन साहाय्यकाची एक जागा होती. आमच्या विभागप्रमुखांनी त्यांच्यापुढे प्रयोग सादर करायला माझे नाव सुचवले. काम पसंत पडले तर पुण्याची जागा, त्याच्याबरोबरच एम.एस्सी.; न पडले तर नगर, आणि तीच लंबकाची व भिंगांची प्रात्यक्षिके. शनिवारी संध्याकाळी जेवताना मी हे सगळे सांगितले. उद्याचा निकाल मी त्या प्राध्यापकांपुढे ठेवणार आहे, असेही सांगितले. आईने विचारले की म्हणजे उद्या तुझी परीक्षाच का. मी बोलण्याच्या भरात हो म्हणाले.

प्रयोगाची रचना साधी होती. गाण्याचा एकच तुकडा दोनदा वाजवायचा, एकदा या जोडीवर, एकदा त्या. कोणती जोडी आधी, हे मी नाणे उडवून ठरवत असे. दोन्हींचा आवाज व्होल्टमीटर लावून सारखा केलेला, कारण जरा मोठा वाजणारा स्पीकर माणसाला उगाच चांगला वाटतो. जोडी बदलायला प्रयोगशाळेतला मुठीचा स्विच. मूठ भिंतीकडे टाकली की माझी जोडी, खिडकीकडे टाकली की कारखान्याची. प्रत्येक ऐकणाऱ्यापुढे एक पालथी वाटी. पहिले गाणे आवडले तर वाटीखाली एक चिंचोका ठेवायचा, दुसरे आवडले तर दोन. आत्याला लिहिता येत नव्हते आणि वाटीमुळे एकाचे मत दुसऱ्याला दिसणार नव्हते. असे सोळा वेळा. बोलायचे नाही, हा शेवटचा नियम.

तिघेही नियमाप्रमाणे वागले. आत्याने एकदा गवयाला खोकला झाला आहे का असे विचारले आणि दादांनी तिला गप्प केले. आई चुलीवर दूध आहे म्हणून सतरंजीवरून सरकून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती. मधूनच तिच्या बांगड्या वाजत. ती एरवीही स्वस्थ बसत नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. दर वेळी मी चादरीबाहेर येऊन वाट्या उचलत होते, चिंचोके मोजत होते आणि आत जाऊन लिहीत होते.

निकाल असा लागला. माझ्या जोडीला आईने सोळा वेळा पसंती दिली, आत्याने चौदा वेळा, दादांनी पंधरा वेळा.

मी आकडे पुन्हा तपासले. नाणे उडवून केलेल्या क्रमात असा निकाल योगायोगाने लागणे जवळपास अशक्य होते. आईचा किंवा आत्याचा आकडा एकटा असता तर मी थोडी साशंक राहिले असते. दादांच्या पंधराने मला निःशंक केले. मी त्यांना विचारले की खरेच इतका फरक जाणवला का. ते सतरंजी झटकत होते. म्हणाले, “अगं, आकडेच सांगतायत की.” त्या दुपारी आम्ही माझी जोडी लावून सलग तीन तबकड्या ऐकल्या. सोमवारी मी कारखान्याची जोडी परत केली. दुकानदाराने खोके उघडून कोपरे पाहिले आणि म्हणाला की साडी परत आली की आम्ही आधी काठ बघतो.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी महाविद्यालयाच्या सभागृहात कार्यक्रम झाला. तुलनेसाठी कारखान्याची जोडी मी पुन्हा पसंतीला आणली होती. दोन्ही जोड्या व्यासपीठावरच्या एका कपाटात, भिंतीला लागून मांडल्या. घरात मांडतात तशाच मांडायच्या असा माझा आग्रह होता. आधी मी फळ्यावर आलेख काढले, मग घरचे आकडे लिहिले. सोळा, चौदा, पंधरा. खाली किंमत लिहिली. पुण्याचे प्राध्यापक पहिल्या रांगेत होते. ते वहीत काहीतरी टिपत होते आणि विभागप्रमुख माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवत होते. त्यानंतर पडदा ओढून मी तोच प्रयोग बावीस जणांवर केला. शिक्षक, विद्यार्थी, प्रयोगशाळेतले कर्मचारी आणि स्वतः प्राध्यापक. इथे प्रत्येकाला कागद दिला होता.

बावीसपैकी एकोणीस जणांनी बहुतेक वेळा कारखान्याची जोडी पसंत केली.

कागद मोजण्याचे काम दोन विद्यार्थी मोठ्याने करत होते, त्यामुळे निकाल मला आणि सभागृहाला एकाच वेळी कळत गेला. आठ-दहा कागद झाल्यावर मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मी फळ्याजवळ उभी होते आणि माझे सोळा, चौदा, पंधरा माझ्या खांद्यामागे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. ते पुसावेत की ठेवावेत हे मला ठरवता येईना.

प्राध्यापक सभ्य गृहस्थ होते. ते उठून व्यासपीठाजवळ आले आणि हळू आवाजात बोलले.

“घरी स्विच कोण फिरवत होतं?”

“मी.”

“आणि नोंदी?”

“त्याही मीच घेतल्या.”

“आणि पेटीही तुमचीच.” त्यांनी फळ्यावरच्या तीन आकड्यांकडे पाहिले. मग म्हणाले, “ऐकणारे कोण होते?”

मी सांगितले. त्यांनी मान डोलावली. त्यांनी माझ्यावर कसलाही आरोप केला नाही. निघताना चहा चांगला होता असे म्हणाले. आठवड्याने विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितले की पुण्याच्या जागेवर दुसऱ्या कोणाची तरी निवड झाली आहे. मग टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले की आपण घाईने निष्कर्ष काढतो तेव्हा आकडे आपल्याला हवे तसे दिसू लागतात. माझे आकडे मला हवे तसे दिसले नव्हते. ते होते तसे मी लिहिले होते. परंतु हे सिद्ध करायला माझ्याजवळ काही नव्हते. प्रयोग करणाऱ्या माणसाजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरी कसलीच मालमत्ता नसते. त्याचा शब्द गेला की त्याने पुढे मोजलेल्या प्रत्येक गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी लोक एकदा त्याच्या तोंडाकडे बघतात.

घरच्यांचा संशय माझ्या मनात आला नाही. मी खोलीचा संशय घेतला. सभागृह मोठे, आमची खोली लहान. चादर सुती, पडदा जाड. ऐकण्याचे अंतर वेगळे. आठवडाभर मी संध्याकाळी येऊन खोलीची मापे घेत होते, चादरीतून आवाज किती गळतो हे मोजत होते. आई येता-जाता विचारायची की जेवायला वाढू का. दादा वर्तमानपत्र वाचत बसायचे. मी जमिनीवर बसून फूटपट्टीने भिंत मोजते आहे हे तिघेही पाहत होते.

शेवटी मी ठरवले की घरचा प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करायचा, एकेका माणसावर वेगवेगळा. गुरुवारी दुपारी कॉलेजला सुट्टी होती. आई बाजारात गेलेली. आत्या ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी तिला म्हटले की जरा आत चल, मागे ऐकलेस तसेच गाणे पुन्हा ऐकायचे आहे.

ती सुपातले खडे बाजूला करत म्हणाली, “आता परत? मग वैनीला येऊ दे की. ती नसल्यावर मला काय कळायचं कंचं तुजं हाय?”

मला वाटले तिला प्रश्न समजला नाही. मी म्हटले की माझे कोणते हे कळायलाच नको आहे, फक्त चांगले कोणते ते सांगायचे.

“त्येच की,” आत्या म्हणाली. “तुजं वाजाया लागलं की ती बांगडी फिरवायची. मग आमी चिंचोका ठेवायचो. माजं दोनदा चुकलं, ध्यान न्हवतं. तू लई वेळ लावलास त्या दिशी.”

बांगडीचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती. साडीच्या दुकानात आई कधीही तोंडाने पसंती सांगत नाही, कारण दुकानदाराला कळले की भाव चढतो. गठ्ठ्यातली साडी मनात भरली की ती डाव्या हातातली काचेची बांगडी एकदा गोल फिरवते. नको असली की पदर आवरून घेते. आमच्या घरात हे सगळ्यांना येते. माझी कॉलेजची पहिली साडी याच बांगडीवर ठरली होती. मी तेव्हा तिच्या शेजारी बसले होते आणि आपल्याला एक गुप्त भाषा येते याचा मला अभिमान वाटला होता. आता ती भाषा माझ्या पाठीमागे बोलली गेली होती.

बाकीचे आई आल्यावर कळले. चादर भिंतीपासून वीतभर कमी पडत होती आणि उंबऱ्यावरून त्या फटीतून स्विचची मूठ दिसत असे. सकाळी मी वायरी जोडत होते तेव्हा ती केर काढत होती. मूठ भिंतीकडे म्हणजे माझी, एवढे तिने तेव्हाच हेरून ठेवले होते. मी विचारल्यावर तिने काही लपवले नाही. लपवण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नव्हते.

“परीक्षा हाय म्हणलीस ना तू,” ती पिशवीतून भाजी काढत म्हणाली. “मग पास करायचं का नापास? घरात साडी बघत्यात तवा जी नेसणार तिच्या मनात कुठली हाय ते बघत्यात. तिला तोंडावर वाईट म्हणतंय का कुणी? तुझं मन राखलं.”

“मला मन राखायला नको होतं, आई. मला खरं हवं होतं.”

“खरं बाहेरचे सांगत्यातच की.”

आईची जामखेडची बोली नगरात इतकी वर्षे राहूनही गेली नव्हती, आणि तिच्या बोलण्यात कधी आडपडदाही नसे. तिच्यावर मी चिडले, पण तो राग मला नीट मांडता येत होता. तिला प्रयोग म्हणजे काय हे माहीत नव्हते. तिच्या दृष्टीने घरात पसंतीला आलेल्या दोन वस्तूंतली एक मुलीने हाताने केलेली होती, आणि अशा वेळी काय करायचे याची एक रीत होती. ती रीत तिने सांभाळली. अज्ञानाने झालेली चूक मी प्रयोगशाळेत रोज पाहते आणि ती दुरुस्त करण्याचाच मला पगार मिळतो.

दादा साडेसहाला कचेरीतून आले. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली, पाय धुतले आणि ओसरीवर बसले. मी समोर उभी राहिले आणि विचारले.

“दादा, तुम्हालाही बांगडी दिसत होती?”

त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिले. मग म्हणाले, “दिसत होती.”

“मग पंधरा कसे? सोळा का नाही?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तयार होते. मला वाटत होते की ते म्हणतील, एकदा माझ्या कानाला वेगळे वाटले म्हणून मी वेगळा चिंचोका ठेवला. निदान एकदा तरी त्यांनी कानाचे ऐकले असेल, असे मी दुपारपासून धरून बसले होते.

दादा टॉवेलने तळपाय पुसत होते. ते म्हणाले, “सगळेच बरोबर आले असते तर तुला शंका आली असती. प्रयोगात एखादं चुकतंच, असं तूच सांगायचीस ना. म्हणून एक मुद्दाम चुकवलं.”

मी तिथून निघून गच्चीच्या जिन्यात जाऊन बसले. रडले नाही. मी त्या वाक्याचे भाग पाडत बसले होते. मी शाळेत असल्यापासून दादा माझ्याकडून प्रयोग समजावून घेत. चूक किती असावी, ती का असते, शून्य चूक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीतले आकडे मी का नाकारते, हे सगळे मी त्यांना रात्रीच्या जेवणावर सांगितलेले होते, आणि ते किती लक्षपूर्वक ऐकत हे मला आता कळत होते. आईने माझ्या प्रयोगाला साडी समजून हाताळले. दादांना तो प्रयोगच आहे हे माहीत होते. माझ्याकडून शिकलेले त्यांनी मला फसवण्यासाठी वापरले, आणि ते इतके चोख वापरले की मला पटले. माझ्या संशयाची जागा कुठे आहे हे माहीत असलेला जगात एकच माणूस होता आणि त्याने ती जागा आधीच बुजवून ठेवली होती.

काही दिवस मी घरात कामापुरतेच बोलले. आत्याने आईला विचारले की पोरगी एवढी कशाने रुसली, भोपळ्याएवढं खोकं तर हाय. आई म्हणाली की पुण्याचं गेलं म्हणून. पुण्याचे गेले होतेच. पुन्हा अर्ज करता येतो, आणि यंदा मी केलाही आहे. परंतु त्या दिवसांत मला दुसरीच गोष्ट छळत होती. दादांनी आजवर माझ्या कशाकशाला चांगले म्हटले होते त्याची यादी मी मनात करू लागले होते आणि त्यातले एकही आता खात्रीने खरे धरता येत नव्हते. शाळेतला निबंध, सतारीचे सहा महिने, बी.एस्सी.ला निवडलेला विषय. प्रत्येक ठिकाणी एक बांगडी फिरली असेल, मी पाठमोरी असेन.

एक गोष्ट मात्र अजून मोजता येण्यासारखी होती. त्यांना ऐकू काय येत होते, हे मला माहीत नव्हते. फरक कळत नसल्याने त्यांनी आईची खूण पाळली असेल तर एक गोष्ट. सूक्ष्म फरक कानाला न कळणे हा गुन्हा नाही. फरक कळत असूनही पाळली असेल तर दुसरी. कारखान्याची जोडी परत करायची राहिली होती. दुकानदाराने दोनदा निरोप पाठवला होता की ताई, पसंती झाली असेल तर घडी परत करा.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी मी आई आणि आत्याला शेजारी पापड लाटायला पाठवले. चादरीची फट खिळे ठोकून बंद केली. जोड्या फळीवर त्याच जागी होत्या. दादा सतरंजीवर एकटे बसले. त्यांच्यापुढे वाटी ठेवली, मूठभर चिंचोके ठेवले. आम्ही आठ-दहा दिवस एकमेकांशी सरळ बोललो नव्हतो.

ते म्हणाले, “खरं सांगायचं ना?”

“हो.”

“तुला लागेल.”

“लागू द्या.”

मी नाणे उडवले आणि सुरुवात केली. या वेळी ते डोळे मिटून बसत होते. तबकडी थांबली की लगेच चिंचोका वाटीखाली जाई. विचार करायला त्यांना वेळ लागत नव्हता. मडके एकदाच वाजवतात तसेच. तिसऱ्या वेळेनंतर मी वाटी उचलायला आले तेव्हा ते डोळे न उघडता म्हणाले, “एकात माणूस समोर बसून गातोय. दुसऱ्यात घागरीत तोंड घालून गातोय. पहिल्या दिवशीच कळलं होतं.”

मी आत गेले आणि माझ्या पेटीच्या मागच्या फळीवर हात ठेवला. गाणे सुरू होते आणि ती फळी माझ्या तळव्याखाली थरथरत होती. गच्चीवर मी ध्वनिग्राहक समोर धरला होता. मागे भिंत नव्हती, कोनाडा नव्हता. घरात, फळीवर, भिंतीला लागून ती मागची फळी स्वतःच गात होती आणि भिंत तिला साथ देत होती. त्यासाठी पेटीत आडवी एक पट्टी ठोकायला हवी होती, थोडा पिंजलेला कापूस भरायला हवा होता आणि पेटी भिंतीपासून हातभर पुढे ओढायला हवी होती. सुताराचे एका संध्याकाळचे काम. घागरीचे ते एक वाक्य ११ फेब्रुवारीला दुपारी मिळाले असते तर माझ्यापुढे जवळजवळ महिना होता. तीच पेटी दुरुस्त होऊन सभागृहात गेली असती, आणि हरली असती तरी माझ्या खऱ्या आकड्यांसह हरली असती. ते वाक्य त्या दुपारी या खोलीतच होते. ते माझ्या शेजारी बसून सलग तीन तबकड्या ऐकत होते.

मी हे दादांना सांगितले नाही. प्रयोग अर्धवट सोडणे मला शिकवलेले नाही. नाणे उडवत राहिले, मूठ टाकत राहिले, वाटी उचलत राहिले. सोळावी फेरी झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारले की किती. मी कारखान्याच्या जोडीपुढचा आकडा त्यांना वाचून दाखवला. माझ्या जोडीपुढचा आकडा त्यांनी विचारला नाही, तरी तोही लिहिला. शून्य.